वहमाला औषध आहे! मोबाइलवर लक्षणं शोधण्याची सवय आणि आजाराची भीती

‘वहम का इलाज तो हकीम लुकमान के पास भी नहीं था’ ही म्हण आपल्या घरांत सर्रास ऐकू येते. कुणी सारखं आपल्या तब्येतीबद्दल बोलू लागलं, तपासण्या नॉर्मल येऊनही त्याचं समाधान होईना, की घरातलं एखादं मोठं माणूस ही म्हण ऐकवतं आणि विषय तिथेच संपतो. ज्याला त्रास होतोय त्याच्यासाठी मात्र तो संपत नाही. घरचे झोपले की तो मोबाइल उघडतो आणि ‘छातीत डाव्या बाजूला टोचणे कारण’ असं टाइप करतो. एक पान वाचतो, मग दुसरं, मग एखादा व्हिडिओ. फजरची अजान होते तेव्हा तो जागाच असतो.

ही म्हण खरी नाही, एवढं सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. आजाराच्या या भीतीला वैद्यकशास्त्रात नाव आहे. ती कशी वाढते हे माहीत झालेलं आहे आणि तिच्यावर उपचारही आहेत. त्या उपचारामागचं मुख्य तत्त्व वुजूतल्या वसवशाबद्दल उलेमा जे सांगत आले आहेत, त्याच्याशी बरंच जुळतं. ते कसं, हे पुढे पाहूच. आधी आजार समजून घेऊ.

हा आजार नेमका कोणता?

तब्येतीची काळजी प्रत्येकालाच असते आणि ती असायलाही हवी. पण आपल्याला मोठा आजार झाला आहे किंवा होणार आहे हा विचार महिनोन्‌महिने डोक्यातून जात नसेल, डॉक्टरांनी तपासून ‘काही नाही’ सांगितल्यावरही दोन-चार दिवसांत तो परत येत असेल, आणि त्यामुळे काम, झोप, घरातलं बोलणं-चालणं बिघडत असेल, तर ती नुसती काळजी राहत नाही.

जुन्या पाश्चात्त्य वैद्यकात याला ‘हायपोकॉन्ड्रिया’ म्हणत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बरगड्यांच्या कूर्चेखालचा, म्हणजे पोटाच्या वरचा भाग. युनानी तिब्बमध्ये आणि उर्दूत यालाच ‘मराक’ म्हणतात. तो अरबी शब्दही पोटाच्या मऊ भागावरूनच आला आहे. या त्रासाचं मूळ पोटात आहे असं तेव्हाच्या हकिमांना वाटे. ते कारण आज कुणी मानत नाही. पण हा त्रास मोबाइलमुळे जन्माला आलेला नाही, हजार वर्षांपूर्वीचे हकीमही तो ओळखत होते, हे यावरून दिसतं.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेतून ‘हायपोकॉन्ड्रिया’ हा शब्द काढला आणि त्याऐवजी नवी नावं दिली. त्यांतलं एक नाव ‘आजार-चिंता विकार’ या अर्थाचं आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ अशी भीती असेल तर हे निदान होऊ शकतं. त्याचे दोन प्रकार सांगितले जातात. काही जण सारखे डॉक्टरांकडे जातात, तपासण्या करतात. काही जण नेमकं उलटं वागतात. घाबरून दवाखान्याची पायरीही चढत नाहीत, रिपोर्ट उघडून बघत नाहीत. आपल्याकडे या दुसऱ्या प्रकाराला कुणी आजार म्हणत नाही, ‘हिंमतवाला आहे, डॉक्टरकडे जातच नाही’ असं कौतुक होतं. भीती मात्र दोन्हीकडे सारखीच असते.

इंटरनेटवर लक्षणं शोधून-शोधून वाढणाऱ्या या भीतीला ‘सायबरकॉन्ड्रिया’ असा शब्द रूढ झाला आहे. तो वेगळा आजार नाही. जुन्या आजाराला मिळालेलं नवं खतपाणी म्हणा.

शोध घेतल्यावर भीती का वाढते?

माहिती मिळाली की मन शांत व्हायला हवं. इथे ते होत नाही. त्याची कारणं साधी आहेत.

पहिलं म्हणजे सर्च इंजिनला तुम्ही कोण आहात हे माहीत नसतं. डॉक्टर तुमचं वय विचारतो, तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर आहे का, त्रास कधीपासून आहे, हे सगळं विचारून मग सांगतो. सर्च इंजिन फक्त तुमचे शब्द बघतं आणि ते शब्द असलेली पानं पुढे करतं. ‘डोकेदुखी’ लिहिलं की जागरण, चष्म्याचा नंबर, मायग्रेन आणि मेंदूतली गाठ, सगळं एका रांगेत येतं. प्रत्यक्षात त्यांचं प्रमाण मुळीच सारखं नाही.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचे संशोधक रायन व्हाइट आणि एरिक हॉरविट्झ यांनी २००८ साली नेमकं हेच तपासलं. डोकेदुखीबद्दल शोध घेतल्यावर येणाऱ्या पानांत, कॉफी-चहा बंद केल्याने होणारी डोकेदुखी आणि मेंदूतली गाठ यांचा उल्लेख जवळपास सारख्याच प्रमाणात येतो, असं त्यांना आढळलं. चहा सुटल्याने डोकं दुखणं किती नेहमीचं आहे, हे रमजानच्या पहिल्या दोन-तीन रोज्यांत आपल्यातल्या अनेकांनी अनुभवलेलं असतं. मेंदूतली गाठ मात्र फार थोड्या लोकांना होते. मोबाइलच्या स्क्रीनवर ही दोन्ही कारणं शेजारी-शेजारी आणि एकाच आकाराच्या अक्षरांत दिसतात.

दुसरं कारण म्हणजे भीतीवर क्लिक जास्त होतात. ‘या पाच लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका’ हा व्हिडिओ आपण थांबून पाहतो. ‘बहुतेक डोकेदुखी आपोआप बरी होते’ हा पाहत नाही. आपण काय थांबून पाहिलं याची नोंद ॲपकडे राहते आणि पुढच्या वेळी तसलंच आणखी समोर येतं. आठवडाभरात अशा माणसाच्या मोबाइलवर कॅन्सर, हार्ट अटॅक आणि किडनी याशिवाय काही उरत नाही. मग त्याला वाटतं, सगळ्या जगाला हेच होतंय.

तिसरं, व्हॉट्सॲप. ‘अमुक डॉक्टरांचा संदेश, सगळ्यांना पाठवा’ असे मेसेज कोविडच्या काळात आपण सगळ्यांनीच भरपूर पाहिले. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणं हे माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, अशी ताकीद सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे. ती फॉरवर्डलाही तितकीच लागू आहे.

आता यात एआय चॅटबॉटची भर पडली आहे. तो गोड बोलतो, मराठीत आणि उर्दूतही उत्तर देतो, कंटाळत नाही. घाबरलेल्या माणसाला हीच अडचण होते. बायको किंवा भाऊ दहाव्यांदा विचारल्यावर वैतागतो, चॅटबॉट वैतागत नाही. तोच प्रश्न शब्द बदलून रात्रभर विचारता येतो.

रिपोर्टमधला ठळक आकडा

आजकाल ‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिराती गल्लोगल्ली दिसतात. रिपोर्ट पीडीएफमध्ये मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांना दाखवण्याआधी आपणच तो गुगलवर तपासतो. इथे एक साधं गणित माहीत असावं.

लॅबच्या रिपोर्टमध्ये शेजारी जी ‘नॉर्मल रेंज’ लिहिलेली असते, ती बऱ्याच तपासण्यांसाठी निरोगी लोकांचे आकडे घेऊन ठरवतात. त्यांतल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या मर्यादेत बसतात, ती रेंज. म्हणजे ५ टक्के निरोगी माणसांचा आकडाही तिच्याबाहेर जातो. हे प्रमाण २० मध्ये १ झालं. एका पॅकेजमध्ये ६० आकडे असतील, तर पूर्ण निरोगी माणसाच्या रिपोर्टमध्येही सरासरी दोन-तीन आकडे ठळक अक्षरात छापून येणं हे गणितानेच अपेक्षित आहे. त्या आकड्याला अर्थ आहे की नाही, हे बाकीची तब्येत पाहून डॉक्टर ठरवतो.

एमआरआयचंही तसंच आहे. पाठ अजिबात दुखत नसलेल्या विशीतल्या तरुणांचे एमआरआय पाहिले, तर सुमारे ३० टक्के जणांच्या मणक्याची गादी थोडी बाहेर आलेली दिसते, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ साली मांडलं गेलं. त्यामुळे ‘डिस्क बल्ज’ हे शब्द रिपोर्टमध्ये दिसले म्हणजे आता ऑपरेशनच, असं समजायचं कारण नाही.

त्रास खोटा नसतो

‘तुला काही झालेलं नाही’ हे वाक्य त्रास असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्याला खरोखर काहीतरी होत असतं. छाती धडधडते, हातापायाला मुंग्या येतात, घशात गोळा अडकल्यासारखं वाटतं, पोट बिघडतं. यातलं काहीही तो बनवून सांगत नसतो.

माणूस घाबरला की शरीरात ॲड्रिनलिन नावाचा स्राव वाढतो. हृदय जोरात धडधडतं, घाम येतो, स्नायू ताठरतात. छातीचे स्नायू ताठरले की छातीत दुखतं. श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, चक्करल्यासारखं होतं. म्हणजे भीतीने शरीरात जे बदल होतात, तीच लक्षणं मग गुगलवर शोधली जातात, आणि उत्तर येतं ‘हृदयविकार’. त्याने भीती वाढते आणि भीतीने लक्षणंही वाढतात.

शिवाय जिथे लक्ष द्याल तिथे जास्त जाणवतं. हे वाचता-वाचता आपली जीभ दातांना कुठे टेकली आहे याकडे लक्ष द्या. आता ती जाणवू लागेल. मघाशीही ती तिथेच होती. मानेतली बारीकशी गाठ दिवसातून तीस वेळा दाबून पाहिली तर ती दुखायला लागते आणि सुजल्यासारखी वाटते. दुखणं दाबण्यामुळे आलेलं असतं, पण माणसाला वाटतं गाठ वाढली.

वुजू, वसवसा आणि सर्चचं चक्र

ब्रिटनमधले संशोधक पॉल सॅल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ साली या चक्राची मांडणी केली. आजाराची शंका येते, मन अस्वस्थ होतं, माणूस कुणाकडून तरी दिलासा घेतो, थोडा वेळ बरं वाटतं, मग शंका परत येते आणि दिलाशाची गरज आधीपेक्षा वाढते. दिलासा देणारा डॉक्टर असेल, ईसीजी असेल, बायको असेल किंवा गुगल. चक्र तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात म्हणूनच हा विकार ओसीडी, म्हणजे मंत्रचळ आणि त्यासारख्या विकारांच्या गटात ठेवला आहे.

आपल्या वाचकांना हे चक्र नवीन नाही. वुजू करताना ज्याला वसवसा येतो, असा एखादा माणूस प्रत्येक मशिदीच्या हौदावर दिसतो. कोपर भिजलं की नाही? परत धुतो. मसह झाला का? परत करतो. जमात उभी राहते, तरी हा नळाशीच. जास्त वेळा धुतल्याने त्याची खात्री वाढते का? नाही. जितक्या वेळा तो धुतो, तितका त्याचा स्वतःवरचा भरवसा कमी होतो.

अशा माणसाला उलेमा काय सांगतात? ‘आणखी एकदा धुवून खात्री कर’ असं कुणीच सांगत नाही. शंकेकडे लक्ष देऊ नको, वुजू झाला असं धर, नमाजला उभा राहा, असं सांगतात. यामागे फिकहचा प्रसिद्ध नियम आहे. यकीन शंकेने नाहीसा होत नाही. जे खात्रीने ठरलं आहे, ते नुसत्या शंकेने मोडत नाही. सुरुवातीला त्या माणसाला बेचैनी होते, नमाजमध्ये मन लागत नाही. पण काही दिवस तो असाच वागला की शंकेचा जोर कमी होतो.

आज मानसोपचारात मंत्रचळावर जो उपचार करतात, त्याचा गाभाही हाच आहे. शंका येऊ द्यायची, बेचैनी सहन करायची, पण परत तपासायचं नाही. आजाराच्या भीतीलाही हेच लागू पडतं. डॉक्टरांनी नीट तपासून एकदा सांगितलं, ते यकीन. रात्री दीड वाजता आलेला ‘पण चुकून राहिलं असेल तर?’ हा विचार म्हणजे शक. त्याच्या मागे लागून सर्च करणं म्हणजे धुतलेलं कोपर पुन्हा धुणं.

या संदर्भात अबू जैद अल-बल्खी यांचं नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्खजवळ त्यांचा जन्म झाला आणि इ.स. ९३४ मध्ये ते वारले. ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’ या त्यांच्या ग्रंथात शरीराच्या तब्येतीसोबत मनाच्या तब्येतीवर स्वतंत्र भाग आहे. राग, भीती, दुःख आणि वसवसा असे मनाच्या त्रासांचे चार प्रकार त्यांनी वेगवेगळे मांडले. माणूस घरात जशी अडीअडचणीची औषधं आधीच आणून ठेवतो, तसे मन शांत असताना चांगले विचार साठवून ठेवावेत आणि त्रासाच्या वेळी काढावेत, असा त्यांचा सल्ला आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या या विद्वानाने मनाच्या त्रासाला थट्टेचा किंवा शरमेचा विषय मानलं नाही. मग आपण का मानावं?

आपल्या मोहल्ल्यातली परिस्थिती

लोक मोबाइलला का विचारतात, याची काही कारणं आपल्याच परिस्थितीत आहेत. त्यांच्याबद्दल बोललं नाही तर ‘सर्च करू नका’ हा उपदेश कोरडा राहील.

स्त्रियांचे बरेच प्रश्न घरात बोललेच जात नाहीत. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरं जाणं, स्तनातली गाठ, बाळंतपणानंतरची उदासी. जवळ लेडी डॉक्टर नसते, असली तरी सोबत जायला कुणी नसतं, आणि सासूसमोर हे काढायचं कसं? अशा वेळी मोबाइल हीच एक जागा उरते जिथे लाज न वाटता विचारता येतं. तिला ‘मोबाइल ठेव’ म्हणण्याआधी ‘चल, मी येते दवाखान्यात’ असं म्हणणारी नणंद किंवा जाऊ तिला हवी असते.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची अडचण वेगळी. एक दिवस दवाखान्यात गेला की एक दिवसाची मजुरी जाते. सरकारी दवाखान्यात रांग, खासगीत फी. मोबाइल फुकट आणि रात्री मोकळा. पण फुकट वाटणारं हे प्रकरण महाग पडतं. वाचून घाबरल्यावर तो एका आठवड्यात तीन डॉक्टर बदलतो, तिघे वेगवेगळ्या तपासण्या लिहून देतात आणि उधारी होते.

कोकणातल्या घरांत पती किंवा मुलगा आखातात असतो. इथल्या आजारपणाचे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर तिकडे जातात. तो तिथे एकटा खोलीत बसून ते शोधतो आणि सौदी किंवा कुवेतहून घाबरलेला फोन करतो. या कुटुंबांनी एक करावं. रिपोर्टच्या फोटोसोबत डॉक्टर काय म्हणाले, ते दोन वाक्यांत बोलून पाठवावं.

मुलंही हे पाहून शिकतात. शाळेत आम्हाला असे विद्यार्थी दिसतात, ज्यांना परीक्षेच्या सकाळी खरोखर पोटात दुखतं. घरात प्रत्येक दुखण्यावर धावपळ आणि सर्च होत असेल, तर मूलही तेच उचलतं. दुखणं ऐकून घ्यावं, डबा द्यावा, शाळेत पाठवावं आणि गरज पडली तर डॉक्टरांना दाखवावं. मुलासमोर मोबाइलवर आजार शोधू नयेत.

कोणती लक्षणं अंगावर काढू नयेत?

हा लेख वाचून कुणी खरं दुखणं ‘वहम’ म्हणून सोडून देऊ नये. खाली दिलेल्या गोष्टींत ना सर्च करायचा, ना वाट पाहायची. सरळ डॉक्टर गाठायचा.

• छातीत दाबल्यासारखं दुखणं, ते हातात किंवा जबड्यात जाणं, सोबत घाम किंवा धाप: लगेच १०८ ला फोन.
• चेहरा एका बाजूला वाकडा होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं अचानक अडखळणं: लगेच १०८.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, थुंकीत रक्त: टीबीची तपासणी. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत.
• तोंडातला दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा, खासकरून तंबाखू, गुटखा, सुपारी खाणाऱ्यांना.
• स्तनात नवीन गाठ, पाळी बंद झाल्यानंतर रक्त जाणं, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं.
• जगणं नको वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार. हेही तातडीचं लक्षण आहे.

ज्यांना आधीच भीतीचा त्रास आहे त्यांनी ही यादी एकदा वाचावी आणि पुढे जावं. रोज तपासण्यासाठी ती नाही.

स्वतः काय करावं?

एक डॉक्टर पक्का करा. मोहल्ल्यातला साधा एमबीबीएस किंवा फॅमिली डॉक्टर चालेल. तुमची सगळी फाइल त्याच्याकडेच असू द्या. दुसरं मत घ्यायचं असेल तर त्याला सांगून घ्या.

नवीन लक्षण वाटलं आणि ते वरच्या यादीत नसेल, तर वहीत तारीख टाकून लिहा. काय झालं, किती वेळ टिकलं, त्याआधी काय चाललं होतं. ही वही पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. लिहिलेली निम्मी लक्षणं तोवर आपोआप गेलेली दिसली, तर तेही तुम्हाला काही शिकवेल.

सर्च करायची ओढ लागली तर अर्धा तास थांबा. त्या अर्ध्या तासात उठून काहीतरी करा. वुजू करा, फेरी मारा, कुणाला फोन करा, पण विषय आजाराचा नको. ओढ लाटेसारखी चढते आणि उतरते. आधी अर्धा तास, मग एक तास, मग एक दिवस असं वाढवत न्या. इशानंतर आजाराबद्दल काहीही शोधायचं नाही, हा नियम घरात सगळ्यांसाठी करा.

निदान झालेल्या आजाराबद्दल वाचायला हरकत नाही. शुगर असलेल्याने आहाराबद्दल वाचावं, टीबी असलेल्याने औषधांबद्दल. जागतिक आरोग्य संघटना, आरोग्य मंत्रालय अशा ठिकाणीच वाचावं, दहा मिनिटांत संपवावं. लक्षणावरून आजार शोधणं मात्र बंद करावं.

नाडी, बीपी, ऑक्सिमीटर, गाठी, आरशात जीभ, हे तपासणंही सर्चच आहे. बीपी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढ्याच वेळा मोजा.

घरच्यांनी काय करावं?

दोन टोकं टाळावीत. थट्टा करायची नाही, आणि पन्नास वेळा ‘काही नाही झालंय’ असंही म्हणायचं नाही. दुसरं चांगल्या मनाने केलेलं असतं, पण त्याने चक्रच फिरतं. भीतीला हो म्हणा आणि शंकेला उत्तर देऊ नका. उदाहरणार्थ, ‘बेटा, तुला भीती वाटतेय ते दिसतंय मला. डॉक्टरांकडे शनिवारी जायचं ठरलंय, तेव्हा विचारू. आता ऊठ, माझ्यासोबत बाजारात चल.’ सुरुवातीला त्याला राग येईल. आवाज न चढवता तेच वाक्य परत म्हणा.

उपचार कुठे आणि कसे?

स्वतःच्या प्रयत्नांनी महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाला भेटावं. या विकारावर सगळ्यात चांगला पुरावा ‘सीबीटी’ या बोलण्याच्या उपचाराचा आहे. यात विचार, भीती आणि वागणं यांचं चक्र उलगडून दाखवतात आणि तपासणं, विचारणं हळूहळू थांबवायला शिकवतात. इंग्लंडमध्ये साध्या रुग्णालयांत आलेल्या ४४४ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ५ ते १० बैठकांत फरक पडला आणि तो पुढे टिकला. हा उपचार करणाऱ्यांत प्रशिक्षित नर्सेसही होत्या. म्हणजे आयुष्यभर चालणारं, लाखोंचं हे काम नाही.

गरज असेल तर डॉक्टर फ्लुओक्सेटिनसारखी गोळी देतात. ती परिणाम दाखवायला काही आठवडे घेते. तिची झोपेच्या गोळीसारखी नशा किंवा चटक लागत नाही, पण मनाने अचानक बंद करू नये. मेडिकलवाल्याकडून स्वतःच आणलेली अल्प्राझोलमसारखी गोळी मात्र सवय लावते, ती टाळावी. रोजे ठेवायचे असतील तर रमजानच्या आधी डॉक्टरांना सांगावं. बऱ्याच गोळ्यांची वेळ इफ्तार किंवा सहरीला बसवता येते.

‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची मोफत सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठी-हिंदीसह अनेक भाषांत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या भाषेत ‘सिव्हिल’मध्ये, मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथल्या ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. तिथे गेलो की भरती करून घेतात, हा गैरसमज आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे. मुलीच्या लग्नात अडचण येईल या भीतीने उपचार टाळणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवावं.

दुआ आणि दवा

काही घरांत असा त्रास दिसला की पहिला विचार नजर, जादू किंवा आसेबचा येतो आणि माणूस आमिलकडे नेला जातो. दुआ करावी, जिक्र करावं, कुरआनच्या तिलावतने दिलाला मिळणारा सुकून कुणी नाकारत नाही. पण हजारो रुपये घेऊन ‘तुझ्यावर कुणीतरी करणी केली आहे’ असं सांगणारा माणूस घाबरलेल्याला आणखी एक भीती देतो. आधी आजार होता, आता शत्रूही आला. अल्लाहने प्रत्येक आजारासोबत त्याची शिफाही ठेवली आहे, ही शिकवण सहीह बुखारीत आहे. उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही तिरमिजीतली नसीहत आपल्या मुलांनाही पाठ असते. मनाच्या आजारासाठी डॉक्टरांकडे जाणं हे उंट बांधणंच आहे.

इमानवाल्याला भीती कशी वाटते, असंही कधी कधी विचारलं जातं. ज्याला शुगर आहे त्याला आपण इमान कमी आहे म्हणून शुगर झाली, असं म्हणत नाही. हा न्याय इथेही लावावा. आपल्या मशिदींच्या खुतब्यात, महिलांच्या इज्तिमात, शाळांच्या पालकसभेत वर्षातून एकदा जरी या विषयावर एखाद्या डॉक्टरांना बोलावलं, तरी कित्येक घरांतलं रात्रीचं जागरण थांबेल.

आणि पुढच्या वेळी कुणी हकीम लुकमानची म्हण टाकली, तर त्यांना १४४१६ हा नंबर द्यावा. अल्लाह सर्व आजारी माणसांना, शरीराने आजारी असोत की मनाने, शिफा देवो. आमीन.